दोनदा चुकलं की सुई पुढच्याकडे

सलाईन लावणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. सुई दिसली की समोरचा माणूस आपोआप बोलायला लागतो!

नव्वदच्या दशकात मंचरच्या आमच्या दवाखान्यात सलाईनसाठी वेगळी टीम होती. टीम म्हणजे तिघंच: प्रमुख शैलाताई, भागवत ब्रदर आणि मी. ताईंचा नियम एकच. दोनदा शीर चुकली की सुई टीममधल्या दुसऱ्याकडे द्यायची. तिसऱ्यांदा टोचायचं नाही.

*

आणे गावचे एक बाबा उलट्यांनी गळून आले होते. मी दोनदा टोचलं, शीर लागेना. बाबा शांतपणे म्हणाले, "बाई, आमच्याकडं बोअर घ्यायच्या आधी पाणाड्या नारळ घिऊन पाणी हुडकत रानभर हिंडतो. तुमी डायरेक्ट मशीनच लावता व्हय?"

मी भागवतला हाक मारली.

*

घाटघरच्या एक आजी आणि त्यांची सून शेजारशेजारच्या खाटांवर होत्या. सुनेच्या बाटलीत व्हिटॅमिनचं इंजेक्शन घातल्यामुळे ती पिवळी दिसत होती. आजींची साधी. सुनेला भारीतलं आणि सासूला नुसतं पाणी? आजींनी हात पदराखाली घेतला तो काढीचनात. शेवटी डॉक्टरांनी त्यांच्याही बाटलीत व्हिटॅमिन घातलं. आजी खूश. लई ताकद आली म्हणाल्या. सलाईन अजून लावायचीच होती!

*

आणि एकदा शैलाताईच आडव्या झाल्या. जुलाबाची साथ होती. दोन दिवस लोकांना बाटल्या लावता लावता त्यांनाच लागण झाली आणि भर दुपारी त्या वॉर्डात कोसळल्या. हात गार, बीपी खाली चाललेलं. भागवत रजा घेऊन भीमाशंकरला गेलेला. मी एकटी.

पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदाही चुकलं. शीर उघडून नळी घालावी लागणार म्हणून डॉक्टर तयारीला धावले. ज्या बाईनं मला सुई धरायला शिकवलं, तिचीच शीर मला सापडत नव्हती. तरी मी तिसऱ्यांदा वाकले, तर ताईंनी डोळे उघडले.

"नियम काय हाय?"

"ताई, भागवत नाहीये."

"मग मी हाय की टीममधी. आण इकडं."

उजव्या हाताच्या बोटानं त्यांनी आपलाच डावा हात चाचपला. एका जागी बोट थांबलं. माझ्याकडून सुई घेतली, डोळे मिटले आणि घातली. सुईत रक्त दिसलं. मी घाईघाईनं नळी जोडली. थेंब पडायला लागले तशी मी रडायला लागले.

"रडतीस काय? चिकटपट्टी लाव," ताई म्हणाल्या. "एका हातानं ती न्हाई लावता येत."