इंदुमतीचा खो

सामन्याच्या दिवशी सकाळी कोमलनं चहाचं आधण ठेवलं, आणि ते उकळत असतानाच शेजारच्या शेगडीवर दुसरं आधण ठेवलं. इंदुमती दारात उभी राहून पाहत होती. खिडकीतून उन्हाची तिरीप आत येत होती. पोरगी तिच्याकडे अर्धी पाठ करून उभी, आणि डोळ्यांवर काळा गॉगल. घरात, चहा करताना, गॉगल.

"डोकं दुखून राहिलं का व?"

"आय'म फाइन, आई."

"मले दिसते ना पोट्टे."

"प्लीज, आता तू सुरू नको होऊ. बाबांना सांगू नको. कोचला तर नाहीच नाही." मग आवाज खाली आणत कोमल म्हणाली, "आमच्याकडे खोली नाहीये. यू नो दॅट."

इंदुमतीनं एका आधणाखालची आच बंद केली. गुरुवारपासून तिनं कोणाला काही सांगितलं नव्हतं. गुरुवारी सरावात कोमल पाठीवर आपटली, डोकं दाणकन जमिनीला लागलं, आणि हसत उठली, असं तिनंच येऊन सांगितलं होतं. मग वॉशरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडला. पण ओकारीचा आवाज नळाच्या आवाजात झाकत नाही, निदान आईपासून तरी नाही.

आता ही खोलीची भानगड आधी सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच निघालं.

इंदुमती रामटेके मूळची उमरेडची. नवरा शिवराम विनिपेगच्या एका बसच्या कारखान्यात इंजिनियर, ती स्वतः पाणीपट्टीच्या ऑफिसात. आंबेडकर असोसिएशनची खिचडी असो की भाषण, या दोघांशिवाय पार पडत नाही. एकुलती एक मुलगी कोमल, इथंच वाढलेली, नोकरीला लागलेली, आणि शनिवार-रविवारी फुटबॉल खेळणारी. पायानं खेळायचा तो फुटबॉल नव्हे. हेल्मेट घालून, खांद्यांवर पॅड चढवून, अंड्यासारखा चेंडू हातात घेऊन एकमेकींना लोळवायचा तो. बायकांची टीम, नाव प्लोव्हर्स. शिवरामनं फोनवर पक्ष्याचं चित्र पाहिलं आणि ही आपली टिटवीच, असं ठरवून टाकलं. तेव्हापासून घरात टीमचं नाव 'टिटव्या'.

कोमल रिसीव्हर. म्हणजे लांब पळायचं आणि मागून फेकलेला चेंडू झेलायचा. अशा पाचजणी एका वेळी मैदानात लागतात, आणि टिटव्यांकडे मुळातच सातजणी. यंदा हिवाळा संपत असताना एकीचा गुडघा गेला आणि दुसरी नोकरीसाठी गाव सोडून गेली. कोच म्हणाला, रिसीव्हरला आपल्याकडे डेप्थ नाही, म्हणजे एखादी पडली तर जागा घ्यायला मागं कोणी नाही. कोमलला आईशी मराठी बोलायची हौस, तिनं बापाला विचारलं, डेप्थला मराठीत काय म्हणायचं? वर्तमानपत्र वाचत शिवराम म्हणाला, "खोली."

संध्याकाळी कोमल आईला म्हणाली, "आई, वुई आर इन ट्रबल. आमच्या रिसीव्हरला खोलीच नाही."

इंदुमतीचा जीव कळवळला. विनिपेगच्या थंडीत, कोणाची तरी लेक, आणि राहायला खोली नाही! तिनं त्याच रात्री असोसिएशनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: आमचं बेसमेंट रिकामं आहे, फुटबॉल खेळणाऱ्या मुलीला द्यायचं आहे, भाड्याचं नंतर पाहू.

तो निरोप कुठून कुठून फिरत नाओमीपर्यंत पोचला. नाओमी वसईची, टोरोंटोकडच्या मावशीला सोडून नवी नोकरी धरायला इकडे आलेली आणि कोणाच्या तरी सोफ्यावर झोपणारी. तिनं लगेच फोन केला. "आंटी, मी फुटबॉल खेळते. चर्चच्या टीमची गोली होते मी, विचारा कोणालाही." ती सुटकेस घेऊन आली, बेसमेंटमध्ये राहिली, आणि शब्दाला जागायचं म्हणून कोमलबरोबर सरावाला गेली. तिथं तो चेंडू पाहून ती म्हणाली, "हे काय? अंडं?"

घरात महिनाभर यावर हसणं चाललं. पण गोलकीपर ती गोलकीपर. हाताला आलेलं सोडत नव्हती. कोचनं तिला बाकावर बसवलं, सगळ्यात शेवटची रिसीव्हर म्हणून. तिथून ती अजून उठली नव्हती. ज्या शब्दाचा इंदुमतीनं भलताच अर्थ घेतला त्याच शब्दानं टीमला जेवढी मिळायची तेवढी खोली मिळवून दिली होती.

म्हणजे आज कोमल बाहेर बसली तर तिच्या जागी नाओमी. आणि नाओमीमागं कोणी नाही.

इंदुमतीनं सांगायला काय हरकत होती? हरकत तिच्या स्वतःच्या पोटात होती. कॉलेजात ती खो-खोच्या संघात होती. नऊजणी खेळायच्या आणि ती बाहेर, राखीव. साल बदललं, संघ बदलला, इंदुमती राखीवच. एकदा एका पोरीनं पाणी पिता पिता म्हटलं होतं, "हिचं काय, हिले कॉलेजात सीटही राखीव आन् इथंही राखीव." बाकीच्या हसल्या. इंदुमती त्या पोरीपेक्षा जोरात धावायची, हे हसणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं. सामन्यात तिच्या पाठीवर एकदाही कोणाचा खो पडला नाही. कोमल लहान असल्यापासून ती तिच्या कानीकपाळी ओरडत आली होती: पहिल्या फळीत राहायचं, बाजूला बसायचं नाही, कोणी बसवलं तर विचारायचं, काहून? पोरगी आज तेच करत होती. आता हिनं कोणत्या तोंडानं सांगायचं, की बस?

तरी शुक्रवारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तिनं फोनवर वाचलं होतं. डोक्याला मार बसलेला असताना दुसरा मार बसला तर. ते वाक्य तिनं पुरतं वाचलं नाही. फोन पालथा ठेवला आणि डबा तसाच बंद केला.

मैदानावर वारा नुसता सैरावैरा. जूनचं ऊन लख्ख आणि गवतातून डासांचे थवे उठलेले. शिवराम सगळ्यांच्या आधी येऊन फोल्डिंगच्या खुर्च्या मांडून बसला होता. ग्रुपवर त्यानं सकाळीच टाकलं होतं: आपल्या समाजाची लेक आज सेमी-फायनल खेळणार. त्यामुळे असोसिएशनची चार माणसं आली होती आणि तो त्यांना खेळ समजावत होता.

"अमेरिकेत चार चान्स भेटतात, आपल्याकडं तीनच. तिनात दहा यार्ड काढा नाहीतर चेंडू द्या. म्हणून आपला खेळ कठीण."

आपल्याकडं म्हणजे कॅनडात. एरवी इंदुमतीनं त्याला यावरून टोमणा मारला असता. आज तिचं लक्ष फक्त एका हेल्मेटवर होतं.

सुरुवातीला कोमलनं एक चेंडू झेलला. शिवराम खुर्चीवर चढला. "पाहून घ्या! पाहून घ्या पोट्टीले!" इंदुमतीला वाटलं, आपलंच चुकलं, पोरगी ठणठणीत आहे. मग पुढच्याच खेळीत दोन धिप्पाड बाया कोमलच्या अंगावर आल्या. ती पडली. उठली, पण हळू, पाण्यातून उठावं तशी. आणि चालू लागली ती समोरच्या टीमच्या बाकाकडे.

कोणीतरी खांद्याला धरून तिला वळवलं. लोक हसले. शिवरामही हसला, "अवो मॅडम, आपलं घर इकडं!"

इंदुमती उठली.

"कुठी चालली?"

"कोचकडं. गुरुवारी तिच्या डोक्याले लागलं. घरी येऊन ओकली ते."

शिवरामचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पुसायचं विसरल्यासारखं. "मले सांगितलं नाही?"

"तुमाले सांगितलं असतं तर ग्रुपवर काय टाकलं असतं?"

"इंदू, ऐक. हाफटाइम होऊन राहिला थोड्या वेळात. तेवढी थांब. एवढी मेहनत केली पोट्टीनं, आता भर मैदानात खो घालतं का तिच्यात?"

खो घालतं का. ती क्षणभर थांबली. मैदानात टिटव्या पुन्हा रांगेत उभ्या राहत होत्या आणि कोमल डाव्या टोकाला चालली होती. बाजूची मुलगी हात हलवून तिला उजवीकडे बोलावत होती. कोमल दोन्हीकडे पाहत मध्येच उभी.

इंदुमती दोरी ओलांडून आत गेली. मागून कोणी म्हणालं, मॅम, मॅम, यू कान्ट. ती थांबली नाही. कोच डेस्मंड हा उंच, शांत मास्तर माणूस, आठवडाभर शाळेत गणित शिकवायचा. इंदुमती ऑफिसात दिवसभर फाडफाड इंग्रजी बोलते, लोकांची भांडणं सोडवते. आत्ता तिच्या तोंडून फक्त एवढंच निघालं, "कोच. माय डॉटर. हेड. थर्सडे. शी व्हॉमिट."

डेस्मंडनं तिच्याकडे पाहिलं. मग मैदानाकडे, मग बाकाकडे. बाकावर रिसीव्हर म्हणून एकटी नाओमी, हेल्मेट मांडीवर. टिटव्या गुणांत मागे होत्या, पण फार नव्हत्या. त्याचं ते इकडून तिकडे पाहणं इंदुमतीला इतकं लांबलचक वाटलं की हा आता नाही म्हणणार, असं ती धरूनच चालली. तिनं मुठी आवळल्या. नाही म्हणाला तर आपण मैदानात शिरायचं. पोलीस बोलावू देत.

त्यानं हात वर केला. शिट्टी वाजली.

कोमल धावत आली आणि आईला पाहून थबकली. डेस्मंडनं तिला हळूच विचारलं, आपण मागची मॅच कोणाशी खेळलो?

कोमलचे ओठ हलले. आवाज आला नाही. तिनं पुन्हा आईकडे पाहिलं, लहानपणी उत्तर आठवलं नाही की पाहायची तसं. इंदुमतीला उत्तर ठाऊक होतं. तिनं ते दिलं नाही.

"हेल्मेट," डेस्मंड हात पुढे करून म्हणाला.

"नो. कोच, नो. आमच्याकडे कोणी नाहीये!" इंग्रजीत सुरू झालेलं वाक्य मराठीत संपलं, हे तिचं तिलाही कळलं नसावं. "आई, व्हाय वुड यू... तूच सांगायचीस ना, बसायचं नाही म्हणून?"

"हाव, मीच सांगत होतो," इंदुमती म्हणाली. चिडली की ती अशीच 'होतो', 'सांगतो' बोलायची, उमरेडच्या बायांसारखी. "आता मीच सांगतो. बस."

हेल्मेट डेस्मंडच्या हातात गेलं. टीमच्या डॉक्टरीण बाई कोमलला खांद्याला धरून सावलीत घेऊन गेल्या. रेफरी मनगटाकडे पाहत होता. मैदानात चारच रिसीव्हर.

"नाओमी!" डेस्मंड ओरडला.

नाओमी जागची हलली नाही. चेहरा पांढराफटक. "आंटी, नाय जमणार मला. मी गोली आहे हो, मला पळायचं कुठं ते पण नाय माहीत. आणि मी हिच्याच घरात राहते, हिचीच जागा घेऊ? मला सगळं दिसत होतं आंटी, रात्री ती लाइट लावू देत नव्हती. मी सांगितलं असतं तर सगळे बोलले असते, हिला हवीच होती जागा."

असल्या बोलण्याला उत्तर नसतं, हे इंदुमती बाकावरच शिकली होती. ती वळसा घालून बाकाच्या मागे गेली, पॅडांमधून जेवढी पाठ सापडली तेवढ्यावर सणसणीत थाप मारली आणि ओरडली, "खो!"

वसईच्या शाळेत सगळ्या पोरी खो-खो खेळतात. मागून थाप पडली, कानात खो आला, की उठून पळायचं. त्यात विचाराला जागाच नसते. नाओमी उठली. पळत सुटली. हेल्मेट तिनं वाटेतच डोक्यात घातलं.

पहिला चेंडू तिनं सोडला. सरळ हातात आलेला, वाऱ्यानं थोडा हलला आणि बोटांवरून गेला. लोक हळहळले, शिवरामनं डोकं धरलं. दुसरा तिनं गोलकीपरसारखा छातीशी गच्च धरला आणि सवयीनं त्याच्यावर पालथी पडली, उठून पुढे पळायचं असतं हे विसरून. तरी दहा यार्ड झाले होते. त्यानंतर तिनं आणखी दोन झेलले, एक सोडला. टिटव्या हरल्या. थोडक्यात हरल्या, आणि असं हरणं जास्त दिवस टोचतं.

इंदुमतीनं ते सगळं अर्धवटच पाहिलं. ती सावलीत गवतावर बसली होती आणि तिची ओढणी कोमलच्या डोळ्यांवर होती. कोमल तिच्याशी बोलत नव्हती. पण आरडाओरडा झाला की ओढणीखालून विचारायची, "व्हॉट हॅपन्ड?" आणि इंदुमती पाहून सांगायची, "झेललं." किंवा, "सोडलं व." शिवराम लांबून येऊन उभा राहिला, काही वेळानं खाली बसला, आणि लेकीच्या बुटांच्या नाड्या सोडू लागला. ग्रुपवर त्यानं काही टाकलं नाही.

संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आणलंत ते बरं केलंत. आराम करू दे, अंधारात, फोन नाही, टीव्ही नाही. पण जूनमध्ये विनिपेगात अंधार आणायचा कुठून? रात्री उशिरापर्यंत उजेड. वरच्या खोल्यांना नुसत्या काचा. सगळ्या घरात एकच जागा अंधारी होती.

नाओमीनं आपली चादर उचलली आणि कोमलच्या खोलीत वर गेली. कोमल बेसमेंटमध्ये आली.

चार-पाच दिवस ती आईशी कामापुरतंच बोलली. हो, नको, झालं. इंदुमती ताट ठेवायची, रिकामं ताट न्यायची. एका दुपारी ती वरणभात घेऊन जिना उतरत होती तर खालून कुजबुज ऐकू आली. अंधारात पलंगाच्या पायाशी नाओमी बसली होती.

"पहिला बॉल का सोडलास? सोपा होता तो," कोमल विचारत होती.

"अगं तुझ्या आईनं एवढ्या जोरात हाणलं ना पाठीत, हात सुन्न झाले माझे! डाग बघ अजून आहे."

"दिसत नाहीये. डार्क आहे."

दोघी हसल्या, मग कोमल कळवळली. हसल्यानंही डोकं दुखत होतं. इंदुमती जिन्यात ताट धरून उभीच राहिली.

"आई," कोमल अंधारातून म्हणाली. पावलं ओळखली होती तिनं. "उभी का आहेस? ये ना आत. खोली मोठी आहे."