सात पुतळ्यांचे डोळे

"काका, हे डोळे कुणी आखले?" मुक्ताने विचारलं.

रोह्यातल्या बंद पडलेल्या भातगिरणीत आम्ही दोघंच होतो. शुक्रवार, संध्याकाळचे पाच. समोर मातीचे सात पुतळे बसलेले आणि सातही आमच्याकडे बघत होते.

"मी," म्हणालो. छाती काढूनच म्हणालो. मला वाटलं, आता ही पाया पडणार.

तिने पुढे होऊन एका डोळ्यावर बोट घासलं. रंग सुटला नाही.

आधी माझं सांगतो. मी पेणजवळच्या जोह्याचा, गणपतीचा कारागीर. शाळा चौथीपर्यंत. चाळीस वर्षं माझं मुख्य काम आखणीचं. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. ते सगळ्यात शेवटचं काम, आणि ते कुणालाही देत नाहीत. आमच्या कारखान्यांत मूर्ती रंगवून होतात आणि डोळ्यांविना रांगेत उभ्या राहतात. मग आखणीवाला येतो, कुणाला काही न विचारता ब्रश घेतो आणि सुरू करतो. माझी आखणी लांबून ओळखतात. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. मी फक्त त्यांना अडवत नाही.

मुक्ता शहरातली शिल्पकार, वय तिशीच्या आत. ती रेसिडेन्सीवर आली होती. रेसिडेन्सी म्हणजे एखादी संस्था कलाकाराला तीन महिने राहायला जागा देते, काम करू देते आणि शेवटी प्रदर्शन लावते. तिचं काम होतं कासूच्या पलीकडच्या एका खाडीकाठच्या गावावर. उधाणात तिथल्या बांधाला खांड पडली, बांध फुटून भातशेतीत खारं पाणी शिरलं. लोक म्हणत होते, बांध बांधून द्या. वरून निरोप आला की तिथे कंपनीची जेटी होणार. जनसुनावणी झाली, लोक बोलले, कागद झाले, पुढे काही नाही. मुक्ताने सुनावणीत बोललेली सात माणसं निवडली. त्यांच्याच बुडालेल्या शेतातली माती आणून त्यांचेच पुतळे करायचे, आणि सुनावणीत बसले होते तसेच रांगेत बसवायचे.

मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "बाय, खारी माती हाय ती. मीठ पाणी धरतं. नीट वाळायची नाय, तडकेल."

"म्हणून तर तुमच्याकडे आले," ती म्हणाली.

मग मी मातीत भाताचा कोंडा घातला, पेंढा बारीक चिरून घातला, आणि माती उभी राहिली. दोन महिने मी बसने पेणला आणि पेणहून गाडीने रोह्याला जात होतो. ती सात माणसं तिच्यासमोर बसायची, ती थापायची. पोरगी हाताची सच्ची. त्यातल्या हिराबाईच्या मानेवरचा वळ, मिठागरात डोक्यावर ओझं वाहून पडलेला, तो तिने अंगठ्याच्या एका दाबात आणला. मी आयुष्यात कुणाच्या हाताकडे एवढं बघितलेलं नाही.

फक्त डोळे तिने केले नव्हते. सातही चेहऱ्यांवर डोळ्यांच्या जागी सपाट माती. मला वाटलं, रीत कळते हिला, डोळे माझ्यासाठी ठेवलेत. त्या शुक्रवारी ती लोकांना प्रदर्शनाचं आमंत्रण द्यायला त्या गावात गेली होती. मी दोन भेगा बुजवल्या, काम संपलं, आणि आखणीला बसलो. देवाचे डोळे नाही काढले. ज्याचे त्याचे काढले. दोन महिने समोर बघितलेले.

"आता दगडूकाका ओळखू येतात," मुक्ता म्हणाली.

"यायलाच पायजेत. आखणी कुणाची हाय?"

"काका, मी त्यांना शब्द दिला होता. ओळखू येणार नाहीत म्हणून. त्यांचा मुलगा त्याच कंपनीत ठेकेदाराकडे आहे. त्याला उद्या कामावरून काढलं तर?"

मुलाचं मला माहीत नव्हतं. कारण मी विचारलंच नव्हतं. दोन महिन्यांत एकदाही.

रंग मातीत मुरला होता. खरवडला तर वरची साल निघून चेहराच फुटणार. नवीन पुतळा करावा तर वाळायला पंधरा दिवस. प्रदर्शन रविवारी.

"मी जातो गावात आणि सांगतो," मी म्हणालो. "चूक माझी हाय."

"चूक माझी. मी सांगायला हवं होतं," ती म्हणाली. पण मला अडवलं नाही.

शनिवारी सकाळी सातही जण माझ्याबरोबर गाडीने रोह्याला आले. मुक्ताने सरळ सांगितलं, "हे असं झालंय. ज्यांना नको असेल त्यांचे डोळे झाकू. नाहीतर पुतळा ठेवणारच नाही. तुम्ही सांगा."

हिराबाई स्वतःच्या पुतळ्यासमोर उभी राहिली. मानेवरच्या वळावर बोट फिरवलं. मग म्हणाली, "माझ्या नवऱ्यानं पण एवढं निरखून नाय बघितलं कधी. राहू दे."

शेजारची म्हणाली, "अगो हिरे, तुझी सून लावते ना कंपनीत झाडू?"

"मग? झाडू लावते, जीभ नाय गहाण ठेवली."

दगडू मात्र माझ्यावरच आला. "झाक ते. तुझ्या मोठेपणासाठी माझं पोर घरी बसवू काय?"

त्याचं बरोबर होतं. चौघे राहू दे म्हणाले, तिघे नको म्हणाले.

दुपारी संस्थेचे साहेब आले. पुतळे बघून उभेच राहिले.

"अप्रतिम! हात लावू नका आता."

"तिघांचे झाकायचे आहेत, सर."

"मुक्ता, वेडी आहेस का? हीच तर ताकद आहे. आणि कंपनीतलं कोण येतंय शिल्पं बघायला?"

"त्यांनी नको म्हटलंय."

"मी सांगतो म्हणून ठेव."

"मग उद्या प्रदर्शन नाही," मुक्ता म्हणाली. आवाज न चढवता. "तीन महिने वाया गेले असं लिहा रिपोर्टात."

साहेब बाहेर जाऊन फोनवर बोलत राहिले. मी कारखान्याच्या मालकांशी चाळीस वर्षं भांडलोय, पण हात दाखवून आणि आवाज करून. एवढ्या थंडपणे स्वतःचं काम मोडायला निघालेलं माणूस मी पहिल्यांदा बघितलं. साहेब परत आले आणि म्हणाले, "करा काय ते."

मी माती पातळ केली आणि तिघांच्या डोळ्यांवर पापण्या बसवल्या. मिटलेले डोळे मी कधी केले नव्हते. आमच्याकडे देव झोपलेला कुणी घेत नाही. वाळल्या मातीवर ओली माती बसत नाही, रविवार सकाळपर्यंत पापण्यांना भेगा गेल्या. गालांवरही माती ओघळून बसली होती. मी बुजवायला गेलो.

"असू दे, काका," मुक्ता म्हणाली. या वेळी मी हात मागे घेतला.

रविवारी गर्दी झाली. अर्धं गाव आलं. साहेब म्हणाले होते कंपनीतलं कुणी येणार नाही, पण ठेकेदाराचा माणूसही आला. मोबाईलवर फोटो काढत रांगेतून फिरला. हिराबाईच्या पुतळ्यापाशी थांबला आणि मागे वळून खऱ्या हिराबाईला म्हणाला, "ही तूच ना?"

"व्हय, मीच. नीट काढ फोटो, मान येऊ दे."

मग तो दगडूच्या पुतळ्यापुढे आला. खाली वाकून बघितलं. दगडू चार पावलांवर उभा होता, हातातली टोपी चुरगळत. मुक्ता लांब, पाहुण्यांच्या गराड्यात. पुतळ्याजवळ मीच होतो, त्याने मलाच विचारलं.

"म्हाताऱ्या, हा कोण रे? कुणासारखा तरी वाटतो."

डोळे मिटलेले असले तरी मान दगडूची होती, खांदे दगडूचे होते, सगळं बोलत होतं. मी त्या भेगांकडे बोट दाखवलं.

"कुणासारखा नाय. बिघडला तो माझ्या हातून. कच्चं काम हाय."

तो हसला. "वय झालं तुझं."

"व्हय, झालं," मी म्हणालो.

तो पुढे गेला. दगडूचा मुलगा अजून कामावर आहे. हिराबाईच्या सुनेला दोन दिवस गेटवर थांबवलं, तिसऱ्या दिवशी आत घेतलं. बांध अजून तसाच आहे.

जोह्यात मी आता पोरांना आखणी शिकवतो तेव्हा एक गोष्ट जास्तीची सांगतो. देवाचे डोळे न विचारता काढा, तो काही बोलत नाही. माणसाचे काढायचे असतील तर आधी त्याच्या घरी जा. पोरं हसतात. कारखान्यात माणसाचे पुतळे कोण करतंय, म्हणतात.