जिभेबरोबर वर चढणारी गाठ

गळ्याच्या मधोमध सुपारीएवढी गाठ आली तेव्हा मी सदतीस वर्षांची होते आणि अक्कलही तेवढीच, सुपारीएवढी. गाठ म्हणजे कॅन्सर, हे माझं मीच ठरवून टाकलं. सासूबाई आंबेहळदीचे लेप लावत होत्या आणि मी मनातल्या मनात जावांना साड्या वाटत होते. नवऱ्यासाठी दुसरी बायकोही शोधली. पण ती आमटी पातळ करते म्हणून नापास केली. मुलांचे डबे भरताना मात्र एक पोळी जास्तच घालायचे.

लेपांनी गाठ जाईना, तेव्हा सासूबाईंनी मला रोह्याहून एसटीने पेणला सर्जनकडे नेलं.

डॉक्टरांनी मागे उभं राहून गळ्यावर बोटं टेकवली. "घोटभर पाणी गिळा." गिळलं. "आता जीभ बाहेर काढा."

समोरच्या बाकावर सासूबाई! त्यांच्या पाठीमागे हा उद्योग मी कितीदा केला असेल. तोंडावर कधी नाही. मी ओठ घट्ट मिटले.

"काढ गो," त्या म्हणाल्या. "मला काय नवीन हाय?"

काढली. डॉक्टरांनी सासूबाईंना जवळ बोलावून त्यांचं बोट गाठीवर ठेवलं, मला पुन्हा जीभ काढायला लावली.

"अगो, ही तर वर चढते!"

डॉक्टर म्हणाले, "आईच्या पोटात असताना गळ्यातली एक ग्रंथी जिभेच्या मुळाशी तयार होते आणि हळूहळू खाली उतरते. मागची वाट मग बुजून जाते. यांची थोडी राहिलेली दिसते, तिच्यात पाणी साठलंय. तरी सोनोग्राफी करू, सुईने पाणी काढून तपासू. मगच नक्की सांगेन."

मला नाव नव्हतं, चेहरा नव्हता, तेव्हाची ती वाट! माझ्या वेळी आई चिखलात लावणी करत होती म्हणे. आत कोण कुठून कुठे निघालंय, तिला तरी कुठं ठाऊक?

पुढच्या आठवड्यात रिपोर्ट घ्यायला गेलो. "कॅन्सर नाही. ऑपरेशन करून गाठ वाटेसकट काढू," डॉक्टर म्हणाले. मला रडू फुटलं. सासूबाईंनी डोळे पुसायला पदर दिला, तोही माझाच.

परतीच्या एसटीत नागोठणं मागे पडलं आणि माझं शेजारी लक्ष गेलं. सासूबाई खिडकीकडे तोंड करून, गळ्यावर बोट दाबून, चांगली लांब जीभ काढून बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने जीभ आत गेली.

"माझी वाट बुजलीय," त्या हळूच म्हणाल्या. "कोणी गो बुजवली असेल?"