पेल्यातली सदाफुली

मोठ्या भावाच्या मेंदूतली गाठ मुंबईला काढली आणि पुढची इंजेक्शनं जळगावला सुरू झाली, तेव्हा मी तिथेच बी.एस्सी. करत होते, रसायनशास्त्र घेऊन. हे औषध सदाफुलीपासून काढतात, असं डॉक्टर सहज बोलून गेले आणि सोबत आलेल्या मायने ते नेमकं पकडलं.

चोपड्याजवळच्या आमच्या गावात अशी बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? भावाला बघायला येणारी प्रत्येक बाई पदरात सदाफुलीचा पाला घेऊन येऊ लागली. साखरेच्या आजारावर तिची पानं चावणारे गावात होतेच, आता तर डॉक्टरचीच साक्ष मिळाली. मायने पाटा-वरवंटा काढला.

"झाड तेच शे ना? मंग सुया कशाले टोचतस?"

ढीगभर पाल्यातून चिमूटभर औषध निघतं, बाकीचं बाजूला काढावं लागतं, आणि ते चिमूटभरसुद्धा रक्त तपासून, मोजून देतात, हे मी तिला परोपरीने सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. भाऊ आधीच काडीसारखा झालेला. हा रस पोटात गेला तर इंजेक्शनांनी सावरलेला माणूस आम्हीच घालवणार, या भीतीने मी शेवटी चिडले.

"माय, लाडूमा गोडंबी घालस, मंग बिब्बानं तेल का बरं नई पेस?"

माय थांबली. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतलं बी, हिवाळ्यात आवडीने खायचं. पण वरच्या टरफलातलं तेल कातडीला लागलं की फोड उठतात. तसला एक जुना डाग तिच्या मनगटावर होता. तो तिने चोळला आणि पाटा धुऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी मोठी काकू, मायची थोरली जाऊ, स्वतः रस काढून पेला घेऊन आली. आमच्या घरात काकूचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. लग्न होऊन आल्यापासून माय तिच्यासमोर कधी वर तोंड करून बोलली नव्हती. भाऊ बिचारा भिडेखातर हात पुढे करत होता. मायने मधेच पेला काढून घेतला.

"अक्का, हाई फूल देवले. मना पोऱ्याले सुईच."

मग मनगट पुढे करून तिने बिब्ब्याची गोष्ट सांगितली, माझ्यापेक्षा कितीतरी चांगली. काकू फणकाऱ्याने निघून गेली आणि बरेच दिवस बोलली नाही. मायला त्याचं सोयरसुतक नव्हतं. माझी छाती मात्र अशी फुगली होती, की कॉलेजात जाऊन सगळ्यांना सांगावं, ही माझी माय आहे.

इंजेक्शनांनी भावाची बोटं बधिर झाली होती. शर्टाची बटणं मायच लावून द्यायची. इंजेक्शनं संपली, महिने गेले, आणि एका सकाळी तो आपली आपण बटणं लावून अंगणात आला. बोटांना जमतं का बघायला त्याने सदाफुलीचं एक फूल चिमटीत धरलं.

माय चुलीपासून ओरडली, "तोडू नको रे! आनखी कोना तरी पोऱ्याले लागी ते."