बाबांच्या शेवटच्या शर्टावरची अक्षरं

आमच्या वहिनीला सुया फेकायची खोड आहे. शर्टांवर मशीननं नावं काढायचा तिचा धंदा, घराच्या पुढच्याच खोलीत. प्रत्येक कामाआधी सुईचं टोक जुन्या नायलॉनच्या मोज्यावरून ओढायचं. जरा अडकलं की सुई बाद.

"वहिनी, सुयांची खाण सापडली का?" मी विचारतो.

"भावजी, बोथट सुई कापड टोचत नाही, फाडते."

बाबा, म्हणजे तिचे सासरे, जन्मभर शिंपी. मशीनच्या भरतकामाचा विषय निघाला की नाक मुरडायचे. "कापडाची चाळण करतात नुसती!" आपण शिवलेल्या शर्टाला त्यांनी सुनेला कधी हात लावू दिला नाही. वहिनी हसण्यावारी न्यायची, पण तिला ते लागायचं. मला दिसत होतं.

मग बाबांचे हात थरथरायला लागले. दादासाठी पातळ सुती कापडाचा एक शर्ट त्यांनी कसाबसा पुरा केला आणि कात्री कपाटात ठेवून दिली. आता ते पुन्हा शिवणार नाहीत, हे सगळ्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी तोच शर्ट त्यांनी वहिनीपुढे ठेवला.

"खिशाच्या वर त्याचं नाव घाल. बघू."

आमचा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. भोकं पडली असती तर असा दुसरा शर्ट जगात नव्हता.

वहिनीनं आधी केराच्या टोपलीतून त्याच कापडाची कातरण शोधली, तिच्यावर नाव काढलं आणि खिडकीशी धरलं. अक्षरांच्या कोपऱ्यांत टाके दाटले होते, तिथून उजेडाचे बारीक ठिपके दिसत होते.

"एवढं कोण बघतंय?" मी म्हणालो.

"बाबा."

मग बारीक सुई आली. अक्षरं थोडी मोठी, कोपरे गोल, टाके विरळ. कापड फ्रेममध्ये ताणायचं सोडून तिनं ते मागे लावायच्या कागदी अस्तराला नुसतं चिकटवलं, कारण ताणलं की भोकं रुंदावतात. मशीन इतकं सावकाश चालवलं की मलाच जांभया आल्या. शेवटी ओलसर फडकं फिरवून, कापडाचे सरकलेले धागे नखानं हळूच जागेवर आणले. एवढ्या निगुतीनं काम करणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

बाबा शर्ट घेऊन खिडकीशी गेले. उलटा केला, सुलटा केला, चष्मा पुसून पुन्हा बघितला. वहिनी हातातल्या मोज्याशी चाळा करत उभी होती.

"भोक काही सापडत नाही," बाबा म्हणाले, जरा नाराजच होऊन. मग त्यांनी कॉलरची आतली पट्टी तिच्यापुढे धरली. "मी माझ्या शर्टांवर कधी नाव घातलं नाही. इथे घाल. माझं, आणि त्याखाली तुझं."

वहिनीचे डोळे भरून आले, पण जीभ शाबूत होती. "चाळण होईल हं, बाबा."

बाबांनी तिच्या हातातला मोजा घेतला, डबीतून नवी सुई काढली आणि थरथरत्या हातानं तिचं टोक मोज्यावरून ओढायला लागले.