डब्याच्या खिट्टीवर बसवलेली सीट

एका राज्याची दोन राज्यं होणार की नाही, झाली तर शहर कोणाच्या वाट्याला जाणार, यावर आख्खं हैदराबाद भांडत होतं, ती वर्षं. आमच्या ऑफिसात माणसं जेवणाच्या सुट्टीत पंखे, कपाटं, अगदी पाण्याचा माठसुद्धा तोंडी वाटून घेत असत. आठवड्यात कामाचे दिवस कमी आणि बंदचे जास्त. आणि अशा त्या काळात मी स्वतः एका फारच मोठ्या प्रश्नाशी झुंजत होतो. मोटरसायकलची सीट पान्याशिवाय काढायची कशी?

हसू नका. माझ्या गाडीला एक खोड होती. जरा मोठा खड्डा आला की तिचा फ्यूज उडायचा आणि ती जागच्या जागी मुकी व्हायची. फ्यूज बदलणं म्हणजे पोरखेळ, पण फ्यूज होता सीटच्या खाली. सीट दोन बोल्टांनी आवळलेली. ते बोल्ट निघायचे बारा नंबरच्या पान्यानं. आणि गाडीबरोबर मिळालेला बारा नंबरचा पाना कंपनीनं कुठं ठेवला होता? सीटच्या खाली! ज्यानं कोणी ही रचना केली त्याला मी मनोमन रोज सकाळी नमस्कार करायचो. तिजोरीची किल्ली तिजोरीत ठेवून तिजोरी बंद करणारा माणूस तो.

बायको म्हणायची, "अहो, पण फ्यूज उडतोच का ते का नाही बघत तुम्ही?"

बायकांना मूळ प्रश्न कळत नाही तो असा.

तिचं मात्र त्या वर्षी खरंच सगळं पणाला लागलं होतं. सरकारी शाळेत विज्ञानशिक्षिका व्हायचं तिच्या मनात लग्नाआधीपासून. पहिल्यांदा परीक्षेला बसायची वेळ आली तेव्हा आमचं लग्न आडवं आलं, नंतर बाळंतपण, आणि मग बंदमागून बंद. परीक्षा पुढं ढकलली जायची, पुन्हा तारीख लागायची, पुन्हा ढकलली जायची. एवढ्यात तिची वयाची मर्यादा संपत आली. आता जी तारीख लागली होती तीच शेवटची. ती चुकली की संपलं. केंद्र मिळालं होतं कुकटपल्लीला आणि आम्ही राहायचो दिलसुखनगरच्या पुढं. म्हणजे शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्टीबरोबर ती नियम म्हणायची. आमची आईसुद्धा प्रकाशाच्या परावर्तनात पास झाली असती इतकं तिनं ते ऐकलं होतं.

"त्या दिवशी पाना मागत फिरलात ना," बायकोनं मला बजावलं, "तर परत घरी येऊ नका. गाडीवरच राहा."

झालं. मी कामाला लागलो.

पहिल्यांदा बोल्ट काढून फुलपाखरी नट लावले, हातानं फिरवायचे. ते आमच्या रस्त्यांना इतके घाबरले की चादरघाटचा पूल येईपर्यंत दोन्ही उडून गेले, एक मुसी नदीत गेला आणि दुसरा बहुधा बिदरला. मग सीटला पत्र्याच्या ट्रंकेची कडी ठोकली. सीट निघायची झटक्यात, पण गाडी चालू लागली की असा खणखणाट व्हायचा, की गल्लीतल्या म्हशी बाजूला होऊन मला वाट द्यायच्या. तिसऱ्यांदा चरचर आवाज करत उघडते ती काटेरी चिकटपट्टी चिकटवली. मे महिन्यात तिचा गोंद वितळला आणि मी ऑफिसात उतरलो तेव्हा सीट माझ्या पँटला चिकटून माझ्याबरोबरच उतरली. साहेब म्हणाले, "बसा." मी म्हणालो, "बसलोच आहे, सर."

अखेर एके दुपारी आई डबा घासत होती. पाच पुडांचा, पितळेच्या दांड्यांचा, माझे वडील कोर्टात असताना त्यांना जेवण जायचं तो डबा. आईनं दोन्ही बाजूंच्या खिट्ट्यांवर अंगठे ठेवले. टक्, टक्. पाचही पुडं सुटी. परत टक्, टक्. पाचही पुडं घट्ट. वाटीतलं वरण सांडेल तर शपथ! माझ्या डोक्यात दिवाळी झाली.

खिट्ट्या मिळवल्या कशा ते विचारू नका. कोठी बाजाराच्या मागच्या गल्लीत एक वेल्डिंगवाला होता, बोलायला माझ्याही वरताण. त्यानं खिट्टी उलटसुलट करून पाहिली.

"मियां, ये तो टिफिन का है ना?"

"हौ."

"सीट को लगाना है?"

"हौ."

"बहुत अच्छे," तो म्हणाला. "कल हंडी का ढक्कन लेके आते, बोलते हेलमेट बनाओ." पण ठिणग्या उडवत त्यानं काम केलं. आकडे चौकटीला आणि खिट्ट्या सीटच्या बुडाला. वर छाती ठोकून म्हणाला, "ऐसा मारा हूँ भाई, गाडी टूट जाती, ये नई टूटता!"

आणि खरंच, काय सांगू! अंगठा दाबला की टक्, सीट हातात. ठेवली की टक्, सीट जाग्यावर. मी गल्लीत प्रयोग केले. वरच्या मजल्यावरचे तेलुगू आजोबा गॅलरीत खुर्ची टाकून बघायचे आणि दर वेळी "अब्बा!" म्हणायचे. फक्त आई खूश नव्हती. रात्री तिनं डब्याच्या सुट्या वाट्या माझ्या पुढ्यात मांडल्या आणि म्हणाली, "आता वरण त्या गाडीतच घाल, आणि तिथंच जेव."

परीक्षेचा दिवस उजाडला आणि अर्थातच बंद होता. बस नाही, रिक्षा नाही, दुकानांची शटरं खाली. पण या वेळी परीक्षा ढकलायची नाही असं सरकारनं जाहीर केलं होतं, आणि रस्त्यावर गाडी चालू द्यायची नाही असं बंदवाल्यांनी. दोघंही शब्दाचे पक्के. आम्ही पहाटेच्या गारव्यात निघालो. बायको मागं बसून नियम पुटपुटत होती. आईनं दही-साखर दिली होती, माझ्याशी न बोलता.

मलकपेटजवळ खड्डा आला, आणि फ्यूज उडाला. मी खुशीनं जवळजवळ ओरडलोच. इतक्या दिवसांची विद्या कामाला येण्याचा क्षण! टक्, टक्, सीट बायकोच्या हातात. तेवढ्यात कोपऱ्यावरून झेंडे घेतलेला जमाव आला. आता संपलं असं मला वाटलं. पण त्यांच्यातला पुढचा आमच्याकडं बघत राहिला. उघडीवागडी गाडी, बाहेर आलेल्या तारा, बाजूला लांबच लांब सीट छातीशी धरून उभी असलेली बाई.

"खराब हो गई क्या?" त्यानं विचारलं.

"हौ भैया," बायको म्हणाली. आवाज असा रडवेला, की मलाच वाईट वाटलं.

"अय्यो. ले जाओ, ले जाओ. ढकल के ले जाओ."

मी एव्हाना फ्यूज बदलला होता आणि सीट बसवायला हात पुढं केला. तिनं मला करकचून चिमटा काढला. "घालू नका," ती दातांतल्या दातांत म्हणाली. "ढकला."

त्या क्षणी मला कळलं की माझ्या शोधाचा खरा उपयोग मला कळलाच नव्हता. वळणाच्या पलीकडं गेल्यावर टक्, टक्, किक मारली आणि आम्ही सुसाट.

पुढं हा आमचा धंदाच झाला. लांबून झेंडे दिसले की मी गाडी बंद करायचो, ती खाली उतरायची, टक्, टक्, सीट तिच्या डोक्यावर. मी तोंड पाडून ढकलायचो. नाक्यामागून नाके आमच्यासाठी हळहळले. कोणी पाणी पाजलं. एकानं मेकॅनिकचा पत्ता दिला, तो बंदमुळं बंद होता. कोठीच्या चौकात एका पांढऱ्या मिशीवाल्यानं मात्र आम्हाला अडवलं. आमचं आपसातलं बोलणं त्यानं ऐकलं होतं.

"कौनसी बोली है ये? उधर के हैं क्या आप लोग, आंध्रा के?"

"मराठी," मी म्हणालो. "चार पिढियों से इधरकेच हैं."

तो मिशीतून हसला. "मराठी? अरे, आप लोगां का बटवारा तो हमारे अब्बा के जमाने मेंच हो गया! आप को अब क्या रोकना. जाओ."

जुनं निजामाचं राज्य तीन तुकड्यांत वाटलं तेव्हा आमचे नातेवाईक नांदेड-परभणीकडं महाराष्ट्रात गेले आणि आम्ही इकडंच राहिलो, ते दुःख आमच्या घरी दर दिवाळीला निघायचं. त्याचा असा फायदा होईल असं कोणाला वाटलं नव्हतं.

एर्रगड्डा ओलांडलं. घड्याळ पळत होतं आणि बायकोचं पुटपुटणं आता नियमांचं राहिलं नव्हतं, देवाचं झालं होतं. मुसापेटला शेवटचा आणि सगळ्यात मोठा जमाव. रस्ताभर माणसं, मध्ये जळणारे टायर. आम्ही नेहमीप्रमाणं सीट काढून, तोंडं पाडून पुढं सरकलो.

"कहाँ जा रहे अम्मा?" एका तगड्या पोरसवद्या पुढाऱ्यानं विचारलं.

ती दमली होती. डोक्यावर सीट, पदर सुटलेला. खोटं बोलायचीही ताकद उरली नव्हती. "परीक्षा है," ती म्हणाली. "टीचर की. आज नहीं गई तो फिर कभी नहीं. उमर हो गई मेरी." आणि तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. या वेळी ते नाटक नव्हतं.

त्या पोरानं एकदा तिच्याकडं, एकदा घड्याळाकडं पाहिलं. मग वळून ओरडला, "टीचरम्मा है रे! एग्जाम को जाना है! हटो, हटो!"

पुढचं घडलं ते असं घडलं की अजून कोणी विश्वास ठेवत नाही. टायर बाजूला झाले. निदान तीस जण आमच्या गाडीला भिडले. "बैठो अम्मा!" एकजण सीट घेऊन म्हणाला, "लाओ, मैं फिट करता." टक् आवाज झाला असता तर तीसच्या तीस जणांना कळलं असतं आपण काय ढकलतोय. "नक्को भैया!" मी किंचाळलो. "बोल्ट गुम गए!" सीट नुसतीच वर ठेवली, खिट्ट्या न लावता. बायको तिच्यावर बसली. मी पायदानांवर उभा राहून हँडल धरलं. आणि गाडी निघाली. इंजिनानं कधी दिला नाही असा वेग त्या तीस जणांनी दिला. घोषणा चालू, मध्येच "टीचरम्मा जिंदाबाद", मागं लहान पोरांची फौज, रस्त्यावरचे पोलीससुद्धा बाजूला होऊन सलाम करतायत की काय असं मला वाटलं.

केंद्राचं फाटक दिसलं. वॉचमन ते ओढून लावत होता. अर्धं लागलंच होतं.

"ओ भैया! रुको!" आम्ही सगळे मिळून ओरडलो.

आणि फाटकासमोरच स्पीडब्रेकर होता. गाडी उडाली. मी पायदानावर तोल सावरला. पण बायको सीटसकट सुटली. नुसती ठेवलेली ना ती! हवेतून अलगद, गालिच्यावर बसल्यासारखी गेली आणि उरलेल्या अर्ध्या फाटकातून आत, दोन्ही पायांवर. सीट तिच्या काखेत. वॉचमन इतका दचकला की त्यानं फाटक घट्ट लावून टाकलं.

मी ब्रेक मारला असता तर मागचे तीस जण माझ्या पाठीवर आले असते. म्हणून मी थांबलोच नाही. ते मला पुढच्या सिग्नलपर्यंत घेऊन गेले, हार घालायला कोणी नव्हतं म्हणून टाळ्या वाजवल्या, आणि आपल्या टायरकडं परतले.

पेपर संपेपर्यंत मी फाटकाबाहेर सीट नसलेल्या गाडीशेजारी उभा होतो. बसणार कुठं? येणाऱ्याजाणाऱ्यांनी काय काय सल्ले दिले ते लिहीत बसलो तर कागद पुरायचे नाहीत.

बायकोनं आतलं मग सांगितलं. मोबाइल चालणार नाही, पिशवी चालणार नाही, पर्यवेक्षक बाईंनी सगळं बाहेर ठेवायला लावलं. सीटकडं बघून त्या थबकल्या. नियमांत सीट कुठं नव्हतीच. "ठेवा बाकाखाली," म्हणाल्या. बाकं लाकडी, खडबडीत. बायकोनं सीट बाकाखाली न ठेवता बाकावर ठेवली आणि तिच्यावर बसून पेपर लिहिला. शेवटच्या तासाला बाकीचे उमेदवार कण्हत चुळबुळत होते आणि ही मजेत.

सुटल्यावर मात्र वॉचमननं तिला फाटकातच अडवलं. "हे सेंटरचं सामान आहे. बाहेर नेता येणार नाही."

"सेंटरमध्ये मोटरसायकलची सीट कशाला असेल हो?"

"मला माहीत नाही. तुम्ही आत घेऊन आलात याची नोंद नाही."

मी गाडी फाटकाशी आणली. बायकोनं त्याच्याकडं न बघता गजांवरून सीट माझ्याकडं सरकवली, मी ती गाडीवर ठेवली आणि दोन्ही अंगठे दाबले. टक्, टक्. वॉचमन फाटक उघडून बाजूला झाला. मग मागून म्हणाला, "अन्ना, ते कुठं मिळतं?"

मला इतका वेळ जे विचारायची भीती वाटत होती ते मी तेव्हा विचारलं. "कसा गेला?"

ती गाडीवर बसली, पदर खोचला. "घर्षणावर मोठा प्रश्न होता," ती म्हणाली. "पुरवणी मागून घेतली मी."

महिन्याभरानं यादी लागली आणि तिचं नाव त्यात होतं. आता विज्ञानाच्या तासाला ती घर्षण शिकवते तेव्हा पोरं म्हणे हसून हसून बाकावरून खाली पडतात. काय सांगते ते मला ती सांगत नाही. मी शाळेच्या गेटवर न्यायला गेलो, की पोरं माझ्याकडं बघून आधी हसतात आणि मग गाडी ढकलू का म्हणून विचारतात.