कचेरीतली पंगत

रिह्याच्या खोऱ्यातली ही दगडी इमारत पूर्वी इनामदाराची कचेरी होती. कुळं खंडाचं भात इथं आणून घालत. आता इथं लग्नं आणि साखरपुडे होतात. ती चालवण्याचं काम माझा मामेभाऊ आणि मी करतो. पडक्या भिंती त्यानं उभ्या केल्या. येणाऱ्यांशी बोलणं माझ्याकडे असतं.

नियम एकच होता, आणि तो मामेभावाचा होता: मोठ्या दालनात जेवण नाही. तिथली फरशी मूळची आहे. प्रत्येक दगड त्यानं उचलून, घासून पुन्हा बसवून घेतला आहे. हळदीचं तेल दगडात मुरलं की निघत नाही. म्हणून विधी आणि फोटो दालनात, जेवण मागच्या अंगणात, चिंचेखाली. पुण्याकडच्या लोकांना हेच हवं असतं. पुष्कळजण आधी चिंच बघतात, मग इमारत.

सूसला राहणारे, हिंजवडीत नोकरी करणारे एक गृहस्थ मुलीच्या लग्नासाठी जागा बघायला आले. बौद्ध कुटुंब, मूळ याच खोऱ्यातलं. सोबत त्यांचे वयोवृद्ध चुलते होते. दालन दोघांनाही आवडलं. मग आम्ही मागे गेलो.

"आजोबा, तुमचं टेबल इथं, अगदी बुंध्यापाशी," मी म्हणालो. "सगळ्यात जास्त मागणी या जागेला असते."

"ठावं हाय ही जागा. मला नगं."

"ऊन लागत नाही इथं."

"ह्ये तू मला सांगतुयास व्हय? हितंच बसून जेवलोय मी. आमचा बा खंडाची पोती आणायचा, त्याच्या मागनं मी. बाकीची कुळं आत वसरीत जेवायची. आमी हितं. वाढायचं ते बी वरनं, पानी बी वरनं."

ते गृहस्थ, म्हणजे त्यांचे पुतणे, जवळ आले. "काका, हे कधी बोलला नाहीत."

"इचारलंस कवा?" मग ते माझ्याकडे वळले. "लगीन हितंच करू, जागा झ्याक हाय. पर जेवान आत."

मामेभावानं फरशीची अडचण सांगितली. दगड कसा आणला, कसा बसवला, तेही सांगितलं. म्हाताऱ्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"दगूडच हाय न्हवं? का पेढा हाय, इरघळाया?"

"तुमचं ताट आत मांडतो, आजोबा. तुम्ही आत बसा," मी म्हणालो.

"मी एकला आत आन माजी मानसं भाईर? मंग मीच इनामदार झालो की रं!"

पुतणे हसले नाहीत. "काका जेवणार नसतील तर आम्हाला दुसरी जागा बघावी लागेल," ते शांतपणे म्हणाले.

निर्णय मामेभावाचा होता. तो दालनात गेला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालला आणि दारात येऊन उभा राहिला.

"टेबलं मावणार नाहीत. खाली पंगती बसवाव्या लागतील. एक उठली की दुसरी."

"आमी काय खुर्च्या मागितल्या व्हय?" म्हातारे म्हणाले.

लग्नाच्या दिवशी सकाळी दालनात बुद्धवंदना झाली. पांढऱ्या साड्यांतल्या बायकांनी सगळी फरशी भरून गेली. विधी आटोपल्यावर तिथंच पत्रावळी मांडल्या. म्हातारे पहिल्या पंगतीत, दाराकडे तोंड करून बसले. जागा त्यांनीच निवडली. पूर्वी तिथं इनामदाराची गादी असायची, असं त्यांनी शेजारच्याला सांगितलं. इंद्रायणीचा भात वाढला, त्यावर आमटी. त्यांनी घास घेतला.

"आमटी आळनी हाय."

"काका, चांगली आहे. गप जेवा," पुतणे हळूच म्हणाले.

"का गप जेवू? आळनी हाय ती आळनीच हाय." आवाज सगळ्या पंगतीला ऐकू गेला. दोघीतिघी हसल्या. एकीनं दुजोरा दिला.

मामेभाऊ मीठ घेऊन स्वतः गेला. तो वाढत असताना बाजूच्या वाढप्याच्या बादलीतून आमटीचा ओघळ फरशीवर पडला. मामेभाऊ थांबला. म्हाताऱ्यांनीही तो ओघळ पाहिला.

"पूस नंतर," ते म्हणाले. "आदी भात आन. वाडताना हात आकडू नगंस."

मामेभाऊ भात आणायला गेला.